पुस्तकातली रडूबाई

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. उशीचे अभ्रे, नॅपकिन, टॉवेल हे एकटीला जमतं. पण दुहेरी पलंगाची चादर एकटीने, जमिनीला न लावता, कडेला कड जुळवून घडी करून दाखवा, मी तुमच्या घरी पाणी भरेन. दोन टोकं दुसरीने धरायची, दोन आपण. ताणायची, झटकायची, दुमडायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. हाताला हात लागला की तिने तिची टोकं आपल्या हातात द्यायची आणि वाकून खालची कड उचलायची. पुन्हा मागे जायचं, पुन्हा ताणायची.

लॉन्ड्री सुरू केली तेव्हापासून हे काम मी ह्यांच्याबरोबर केलं. हे गेल्यावर इस्त्रीवाल्याला उभं केलं, पण त्याचा हात असा जड, की चादर ओढतोय का मला ओढतोय तेच कळेना. शेवटी सुनेला हाक मारली.

सून इंग्रजीच्या शिकवण्या घेते. वरच्या खोलीत मोठीमोठी माणसं खाली मान घालून बसतात आणि ही त्यांच्याकडून एकच वाक्य दहादा वदवून घेते. मी तिला मास्तरीण म्हणायचे, तेही प्रेमाने नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला नीळ कुठली आणि खळ कुठली हे ठाऊक नव्हतं. पांढऱ्या शर्टाला खळीऐवजी नीळ पाजली होती बयेने. ते मी विसरले नाही, आणि तिलाही विसरू दिलं नाही.

आता इंग्रजी मला कशाला हवं होतं, ते सांगते.

आमच्या लॉन्ड्रीचा जीव म्हणजे हॉटेल. नदीकडच्या रस्त्यावरचं, मधल्या उंचीचं. त्याच्या सगळ्या चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन आमच्याकडे यायचे. हॉटेलची मालकीण माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवरा गेलेली. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. पण ती गठ्ठा उघडायची, वरच्या चादरीवरून पालथा हात फिरवायची आणि माझ्याकडे बघून भुवई उचलायची. मी मान डोलवायचे. झाला व्यवहार. इतकी वर्षं आमचं भांडण झालं नाही ते त्यामुळेच, असं हे म्हणायचे.

पुढे चिरंजीव मोठे झाले आणि आमच्या मधे दुभाषे म्हणून उभे राहिले. मी हातभर बोलायचे आणि हा बोटभर सांगायचा. मी म्हणायचे, "तिला सांग, तुमचे ते डागांचे टेबलक्लॉथ दोन पाण्यांतून काढले, लिंबाने घासले, उन्हात घातले, तेव्हा कुठे माणसात आले." हा म्हणायचा, "क्लीन." एवढंच! मॅडम हसायची. मला वाटायचं, अरे, माझा सगळा घाम ह्याने एका शब्दात वाळत घातला.

तशात कळलं की हॉटेल मागच्या बाजूला वाढतंय. नव्या खोल्या, नवे पलंग. ते काम आपल्याकडे यावं म्हणून मला मॅडमशी स्वतः बोलायचं होतं. नुसतं बोलायचं नव्हतं, ठासून बोलायचं होतं.

"मास्तरीणबाई," मी एक दिवस चादर ताणता ताणता म्हटलं, "इंग्रजीत ठासून कसं बोलतात?"

ती थांबलीच. चादर मधे लोंबली.

"म्हणजे कसं, आई?"

"म्हणजे, मी येणारच. मी करणारच. त्यातला 'च' इंग्रजीत कुठे असतो?"

"इंग्रजीत 'च' नसतो."

"नसतो? मग ती माणसं भांडतात कशी?"

ती हसली. माझ्यासमोर तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात छान आहेत तिचे.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. दुपारी बॉयलर शांत झाला की आम्ही चादरी घ्यायचो. ती ताणताना वाक्य सांगायची, मी जवळ येताना म्हणायचे, हाताला हात लागला की ती चूक सांगायची. मी लहानपणी शाळेचा बाक गरम व्हायच्या आत उठलेली बाई. पण ही शाळा उभ्याने होती, हाताला काम होतं, म्हणून मला मानवली.

ती शिकवते चांगलं. खोटं का बोलू? म्हणाली, "इंग्रजीत दाब आवाजाने द्यायचा. आय विल कम, यात 'विल'वर दाबलं की झालं 'मी येणारच'. पण एका वाक्यात एकाच शब्दावर. सगळ्यांवर दाबलंत तर कशावरच दाब राहत नाही."

"कळलं. खळ कॉलरला असते म्हणून कॉलर कडक. अख्खा शर्ट खळीत बुडवला तर माणूस लाकडाचा दिसतो."

"अगदी बरोबर!" म्हणाली, आणि ते आपल्या वरच्या विद्यार्थ्यांनाही सांगितलं म्हणे.

मग आलं पुन्हा पुन्हा म्हणणं. "व्हाइट. व्हाइट, व्हाइट." ती म्हणाली, "एकदा म्हटलं की ती बातमी. दोनदा म्हटलं की ठासून सांगणं. तीनदा म्हटलं की विनवणी."

"आणि चारदा?"

"चारदा म्हणजे कटकट."

इस्त्रीवाला कोपऱ्यातून ओरडला, "मालकीणबाई चारपासूनच मोजायला लागतात!"

"तू इस्त्री बघ, कॉलर जळेल," मी म्हटलं. पण मलाही हसू आलं.

मग शब्द निवडायचे. आपल्यात कसं, पांढरं म्हटलं की पुढे शुभ्र येतं, काळ्याला कुट्ट येतं, हिरव्याला गार येतं. इंग्रजीत म्हणे शब्दच बदलून वरचा घ्यायचा. "टायर्ड म्हणजे दमलेली," ती म्हणाली, "आणि एक्झॉस्टेड म्हणजे अंगातलं सगळं संपलेली."

"पिळून काढलेली?"

"हो, पिळून काढलेली."

हा शब्द मला इतका आवडला की दिवसभर घोळवला. टॉवेल पिळताना म्हणायचे, एक्झॉस्टेड. इस्त्रीवाल्याला म्हणायचे, काय रे, एक्झॉस्टेड?

आणि मग ती पुस्तकातली म्हातारी आली.

मास्तरीण म्हणाली, "आमच्या क्लासच्या पुस्तकात एक धडा आहे. एक म्हातारी असते. आयुष्यभर राबलेली. आता तिला नको झालंय. ती सगळं मुलाकडे सोपवते. त्या धड्यात जोर देण्याचे सगळे प्रकार आहेत. आपण तिची वाक्यं घेऊ या? दुःखाच्या वाक्यात आवाज आपोआप योग्य जागी दाबला जातो."

मी म्हटलं, घे. पुस्तक काही मी मागितलं नाही. मला वाचता कुठे येतंय.

म्हातारीची वाक्यं अशी होती. आय ॲम टायर्ड. सो टायर्ड. आय ॲम एक्झॉस्टेड. नो मोअर वर्क. नो मोअर. माय सन विल डू इट नाऊ. प्लीज. ट्रस्ट माय सन. प्रत्येकाचा अर्थ तिने मला नीट सांगितला. तिथे काही फसवाफसवी नव्हती. मी दमले, मला आता काम नको, माझा मुलगा करेल, त्याच्यावर विश्वास ठेवा.

"काय ही बाई!" मी म्हटलं. "हातपाय धड असताना खिडकीत खुर्ची टाकून बसली असेल. रडूबाई नुसती."

रडूबाई हेच तिचं नाव पडलं. मला नकला चांगल्या येतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी कमरेत वाकून, ओठ लोंबवून रडूबाई करायचे आणि मास्तरीण चादरीत तोंड खुपसून हसायची. एकदा तर दोघी इतक्या हसलो की चादर खाली पडली, पुन्हा धुवायला टाकावी लागली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे गं, चादर आहे, धुतली की झाली.

ही दुपार मला हवीहवीशी झाली होती. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

मग तिने मोबाइल आणला. फळीवर, चिमट्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. "तुमचा दाब कुठे पडतो ते तुम्हालाच ऐकवते." स्वतःचा आवाज ऐकून मला गंमत वाटली. पण तिचं समाधान होईना. रोज म्हणायची, पुन्हा घेऊ.

एक दिवस म्हणाली, "आई, आज हसू नका हं. हसलात की सगळं बिघडतं."

"धड्यात बिघडायला काय आहे?"

"एकदा खरं वाटेल असं म्हणून बघा ना. फक्त एकदा."

माझ्यातला नकलाकार तिने बरोबर डिवचला. खरं वाटेल असं? बघच मग. मी चादर खाली ठेवली. बॉयलरजवळच्या त्या स्टुलाकडे बघितलं. शेवटी शेवटी हे तिथेच बसायचे. गुडघ्यांवर हात टाकून, वाफेकडे बघत. मला म्हणाले होते, "दमलो गं. दमलो." दोनदाच म्हणाले, आणि दुसरा शब्द पहिल्यापेक्षा खाली गेला, जसं ओलं कापड दोरीवरून सरकतं. तो आवाज मी कधी कुणापुढे काढला नव्हता. त्या दिवशी काढला. रडूबाईची सगळी वाक्यं ह्यांच्या आवाजात म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

म्हणून झाल्यावर मी मास्तरणीकडे बघितलं. डोळे भरले होते तिचे.

"काय गं?"

"छान झालं, आई," म्हणाली. "खूप छान झालं." मोबाइल उचलला आणि वर गेली. घडी अर्धीच राहिली.

मला वाटलं, माझ्या कलेने रडली.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच हॉटेलची गाडी यायची थांबली. चिरंजीव म्हणाले, "तिकडे रंगकाम चाललंय, आई. खोल्या बंद आहेत." म्हटलं असेल. बॉयलर निम्माच पेटवला. मास्तरीण दुपारी यायची, पण शिकवायची नाही. डोकं दुखतंय म्हणायची. आमच्याकडे घडी घालायलाही फारसं काही उरलं नव्हतं, गल्लीतल्या चार घरांच्या चादरी, बस्स. इस्त्रीवाला मात्र मान वर करून बघेना. तो गप्प बसला की समजावं, त्याला काहीतरी ठाऊक आहे.

हॉटेलचे नॅपकिन इस्त्री करून कपाटात पडले होते. दुसऱ्याचा माल कपाटात ठेवून मला झोप येत नाही. सकाळी गठ्ठा बांधला, काखेत मारला आणि चालत निघाले. मनात म्हटलं, बरं झालं, ह्याच निमित्ताने नव्या खोल्यांचं बोलून घेऊ. आय विल डू इट. 'विल'वर दाब. वाटभर म्हणत गेले.

मागच्या दाराने आत शिरले. रंगाचा वास नव्हता, शिडी नव्हती, काही नव्हतं. जिन्याखाली चादरींची थप्पी होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मी प्लास्टिक बाजूला करून बघितलं. यंत्राची घडी. कडेला कड जुळलेली, पण कापडात जीव नाही, आणि मधे पिवळसर झाक. हॉटेल चालू होतं, चादरी चालू होत्या. फक्त मी बंद होते.

मॅडम धावत आली. मला बघून तिचा चेहरा असा झाला, जसं कुणी आजारी माणूस बिछान्यातून उठून आलंय. माझ्या काखेतला गठ्ठा तिने स्वतः काढून घेतला. हाताला धरून आपल्या खोलीत नेलं आणि बसवलं. कुठे बसवलं? खिडकीतल्या खुर्चीत.

"यू रेस्ट नाऊ," ती म्हणाली. हळूहळू, एकेक शब्द सोडवून. "यू रेस्ट."

मी म्हटलं, "नो रेस्ट. न्यू रूम. आय विल डू इट."

तिला कळेना. तिने आपला मोबाइल काढला, बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरला.

आय ॲम टायर्ड. सो टायर्ड.

खोलीत हे बोलत होते. माझ्या गळ्यातून, पण हेच. आय ॲम एक्झॉस्टेड. नो मोअर वर्क. मॅडमचे डोळे पाण्याने भरले. कितव्यांदा ऐकत होती कोण जाणे. माय सन विल डू इट नाऊ. प्लीज. ट्रस्ट माय सन.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खुर्चीत समजलं. चिरडून गेल्यासारखं वगैरे काही होत नाही. आधी फक्त ऐकू येत राहतं, आणि मनात येतं, अगं, किती छान म्हटलंयस!

मी मान हलवली. "नॉट मी."

"बट इट इज युवर व्हॉइस," ती म्हणाली. आवाज तर तुझाच आहे.

"व्हॉइस मी. वर्ड नॉट मी. बुक." मी पुस्तक उघडायची खूण केली. तिला काही उलगडेना. मग मी उठले. टेबलावर तसलीच एक यंत्राची चादर पडली होती, ती घेतली, प्लास्टिक ओरबाडून काढलं, झटकून उघडली आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. बिचारीने आयुष्यात चादरीची घडी घातली नसेल, पण उभी राहिली. मी ताणली. तिचा तोल गेला, दोन पावलं पुढे आली. मी पुन्हा ताणली. माझ्या हातांत काय शिल्लक आहे ते तिला टोकापर्यंत कळू दिलं.

"आय ॲम नॉट टायर्ड," मी म्हटलं. "नॉट."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या दंडाकडे, मग मोबाइलकडे. हुशार बाई आहे, हॉटेल चालवते. हळूच विचारलं, "हू? हू मेड यू से इट?"

'हू' मला कळत होतं. कुणी म्हणायला लावलं.

आता सांगा, काय बोलायचं? घरातली गोष्ट मी कधी उंबऱ्याबाहेर नेली नाही. गल्लीत कुणाची हिंमत नव्हती आमच्या घराबद्दल चकार शब्द काढायची. खोटं बोलले असते, तर चिरंजीवांची लाज राहिली असती आणि मी त्या खुर्चीत कायमची बसले असते. खरं बोलले असते, तर परक्या बाईसमोर माझ्या पोटचा पोर उघडा पडला असता. चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेलीच होती.

"माय सन," मी म्हटलं.

एकदाच. कशावर दाब न देता.

तिने चादर सोडली नाही. पण तिचे हात खाली आले.

घरी आले तर चिरंजीव दारातच होते. मॅडमचा फोन माझ्याआधी पोचला होता.

"तू हॉटेलवर गेलीस?"

"गेले. चालत. एक्झॉस्टेड."

"आई, टोमणे नकोत. ऐकून घे. ती यंत्रांची मोठी लॉन्ड्री आहे ना, तिथे मला मॅनेजर घेतायत. हॉटेल बरोबर आणलं तरच. मॅडम म्हणाली, तुझी आई स्वतः सांगेपर्यंत मी काम हलवणार नाही. मग मी काय करू?"

"मला विचारायचं."

"तू नाही म्हणाली असतीस!"

"मग तेच माझं उत्तर होतं की, रे."

तो आपल्या चपलांकडे बघायला लागला. बापासारखं नाक आहे, बापासारखी मान खाली घालतो, पण त्याच्या बापाने कधी माझ्या तोंडचा शब्द चोरला नाही.

मास्तरीण जिन्यावर उभी होती. मी तिला म्हटलं, "ते पुस्तक आण."

"कुठलं, आई?"

"ज्यात ती म्हातारी आहे. मला तिचा धडा बघायचाय. अक्षरं नाही कळली तरी चित्र तर असेल."

ती कठडा धरून उभीच राहिली. "पुस्तक नाहीये, आई."

"बरं."

"तुमचे पाय संध्याकाळी किती सुजतात, मी बघते. तुम्ही बॉयलरपाशीच कधीतरी... मला वाटलं, एकदा झालं की तुम्ही रागवाल आणि मग बसाल. आराम कराल." मग खाली आली, माझ्या पायांशी बसली. "सॉरी, आई. सॉरी. सॉरी."

"तीनदा म्हणालीस," मी म्हटलं. "तूच शिकवलंस मला, तीनदा म्हणजे काय ते."

ती खरंच रडत होती. हे मी नाकारत नाही. चादरीत तोंड खुपसून हसायची ना, तेही खरंच असेल. पण हसता हसता तिचं एक लक्ष त्या चिमट्यांच्या डब्याकडे होतं, आणि कुठल्या दुपारपासून होतं ते मला आता कधीच कळायचं नाही. नकळत मी मागे जाऊन एकेक दुपार उजेडात धरून बघते. ही चांगली होती का? ही? चादर पडली ती?

"ह्यांचा आवाज होता तो," मी म्हटलं. "स्टुलावरचा."

तिने मान वर केली. तिला ते माहीत नव्हतं. चिरंजीवांनाही नव्हतं. बापाचा आवाज लेकाने मोबाइलमधून दुसरीकडे धाडला आणि ओळखला नाही.

मॅडमने पुढे जे जमलं ते केलं. चादरींचा करार मोठ्या लॉन्ड्रीशी होऊन बसला होता, तो तिला मोडता येईना. टेबलक्लॉथ आणि नॅपकिन मात्र आमच्याकडे परत धाडले. चिरंजीवांना तिकडे घेतलंय, मॅनेजर म्हणून नाही, पण घेतलंय. सकाळी डबा घेऊन जातात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, मीही तेवढंच. इस्त्रीवाला म्हणाला, "मालकीणबाई, मला माहीत होतं, पण..." मी म्हटलं, "कॉलर जळेल."

टेबलक्लॉथ मी मोठ्या टेबलावर पसरते आणि घडी घालते. नॅपकिन तर मांडीवरही होतात. ह्या कामाला दुसरं माणूस लागत नाही.

वरून शिकवणीचा आवाज येतो. मास्तरीण कुणाकडून तरी वदवून घेत असते, "अगेन. अगेन." दुपारी बॉयलर शांत झाला की ती खाली उतरते. सवयीने. टेबलाच्या त्या टोकाला येऊन उभी राहते आणि दोन्ही हात किंचित पुढे करते, टोकं धरायला धरावेत तसे. मग तिच्या लक्षात येतं की चादर नाहीये.

मी नॅपकिन मोजत राहते. ती थोडा वेळ थांबते, हात पदराला पुसते, कोरडेच असतात ते, आणि वर जाते.